तूप आधी, पाणी नंतर

माझ्या वडिलांच्या जठराचा मोठा भाग मुंबईच्या एका सर्जननं कापून काढला, तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक होऊन घरी होते. वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून. आम्ही नौपाड्यात दोन खोल्यांत राहायचो. अल्सरनं ते वर्षभर तळमळले होते. ऑपरेशन पार पडलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे.

ते घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी अंगात ताकद यावी म्हणून वाटीभर शेवयांची खीर आणून दिली. वडिलांनी ती खाल्ली आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, पोटात गुडगुड, चेहरा पांढराफटक. "हे हार्टचंच दुखणं," म्हणून काकू रडायला लागल्या. थोडा वेळ पडून राहिल्यावर ते आपोआप सावरले. पण मग हे रोजचंच झालं. जवळच्या डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि एक गोड टॉनिक लिहून दिलं. त्यानंही घाम यायचाच. वडिलांना जेवणाची धास्ती बसली, भूकही लागेनाशी झाली. ज्यांच्या पानाशी पंगतीत वाढप्यांना थांबून राहावं लागायचं, ते दोन घासांत "पुरे" म्हणून उठायला लागले.

आई चौथी शिकलेली होती. एका एकादशीला घरात उपासाचंच शिजलं होतं: वऱ्याचे तांदूळ, दाण्याची घट्ट आमटी, वर चमचाभर साजूक तूप. वडील जेवले आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. घाम आला नाही.

"आज वेगळं काय झालं गं?" आईनं मला विचारलं.

"उपासाचं खाल्लं."

"त्यातलं काय पण? गोड नव्हतं, पातळ नव्हतं, आणि तूप होतं. यातलं नेमकं कुठलं, ते बघायला पाहिजे."

तिनं माझी शाळेतली अर्धी कोरी वही मागून घेतली. एक दिवस तुपासकट मऊ भात, दुसऱ्या दिवशी तोच भात तुपाशिवाय. एक दिवस जेवताना पाणी, एक दिवस तासाभरानं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग घड्याळाकडे बघत बसायचं आणि काय झालं ते लिहायचं. हे तिला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. वडील चिडायचे, "माझा काय प्रयोग मांडलायस का?" ती म्हणायची, "हो. आता उताणे पडा पंधरा मिनिटं."

महिन्या-दीड महिन्यात तिचं ठरलं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, सुरुवातीचा घास तुपाचा, गोड बंद, पाणी जेवणानंतर तासाभरानं, आणि खाल्लं की आडवं व्हायचं. वडिलांचा घाम थांबला. अडचण उरली कचेरीची. रजा संपत आली होती, आणि कचेरीत आडवं कोण होऊ देणार? वडिलांना विचारायची लाज वाटत होती. आई कधी कचेरीची पायरी चढलेली नव्हती. त्या दिवशी नऊवारी नेटकं नेसून, मला बरोबर घेऊन ती थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"मला सवलत नको, एक बाक पाहिजे," ती म्हणाली. "जेवणानंतर पंधरा मिनिटं. तेवढा वेळ ते संध्याकाळी जास्त बसतील."

साहेबांनी तिनं पुढे केलेली वही चाळली. दप्तरखान्यात बाक मिळाला.

पुढे तपासणीला मुंबईला गेलो, तेव्हा सर्जननी ती वही पानापानानं वाचली. मग खुर्ची ओढून ते आईसमोर बसले.

"बाई, तुपाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दिसलं."

"तूप आतड्यात उतरलं की आतडं एक द्रव्य रक्तात सोडतं. ते जठराला सांगतं, हळू, अजून खाली ढकलू नकोस. यांचं जठर उरलंय थोडं, त्यातून अन्न एकदम खाली पडतं. गोड आणि पातळ तर धावतच जातं. तुम्ही त्याला वेसण घातलीत."

आईनं विचारलं, "म्हणजे आतडं पोटाला निरोप धाडतं?"

"अगदी तसंच."

"मग आजवर आम्ही तो निरोप ऐकलाच नव्हता," ती म्हणाली. सर्जन मोठ्यानं हसले आणि त्यांनी तिला वॉर्डात नेलं. तिथं असंच ऑपरेशन झालेले एक गिरणी कामगार होते. त्यांच्या बायकोला आईनं खाटेच्या कडेला बसून सगळं समजावलं, आणि मी आमच्या वहीतलं त्या बाईंसाठी उतरवून दिलं. माझ्या आईचं बोलणं एक मोठा डॉक्टर हात मागे बांधून ऐकतोय, हे मी तिथं पाहिलं. माझी मान तेव्हा जी ताठ झाली, ती परतीच्या वाटेवरही तशीच होती.

वडिलांचं वजन पहिल्यासारखं कधीच भरलं नाही, पण त्यांनी नोकरी पुरी केली आणि जेवायला पुन्हा आनंदानं बसायला लागले. मी पुढे शिकले, कल्याणच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागले. नंतरच्या पुस्तकांत आतड्याच्या त्या निरोप्यांची नावं एकेक करून वाचत गेले. कोणी जठराची चाल मंदावतो, कोणी मेंदूला पोट भरल्याचं कळवतो. अन्न फार वेगानं खाली आलं तर ते एकदम उसळतात आणि भूक मारतात. वडिलांची भूक का मेली होती, ते मला तेव्हा उमगलं. पचनाचा धडा आला की मी मुलींना आधी आईची गोष्ट सांगायचे. आई त्या वर्गात एकदा येऊन मागच्या बाकावर बसली होती. तास संपल्यावर म्हणाली, "दाण्याची आमटी घट्ट होती, ते सांगायचं राहिलं तुझं."