मोटरकाकूंचा मागचा ब्रेक

अमरावतीच्या आमच्या गल्लीत काकूंच्या आधी त्यांचा ब्रेक यायचा. कोपऱ्यावर गाडी वळली की मागच्या चाकांतून अशी किंकाळी निघे की ओट्यावर बसलेले लोक पाय आत घेत. "आली मोटरकाकू," म्हणत बाया तोंडाला पदर लावून हसत. काकू काच खाली करून विचारत, "काहून वं दात काढून राह्यल्या? बसाचं हाय का गाडीत?" बसायला कुणी येत नसे.

छप्पन-सत्तावनचे दिवस. मी अकोल्याची. मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून काकूंच्या घरात एक खोली भाड्याने घेतली होती. काकूंचे यजमान डॉक्टर. ते अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली चांदूर बाजारकडची काळी जमीन आणि ही काळी मोटर. डॉक्टरांनी हौसेने बायकोला गाडी शिकवली होती, आणि नवरा जिवंत होता तोवर गावाने ती हौस खपवून घेतली. पण कुंकू पुसलेली बाई सकाळीच गाडी काढून शेतावर जाते, गड्यांना कामं सांगते, हे कुणाला रुचेना. सगळ्यात जास्त रुचेना ते अकोटच्या थोरल्या दिरांना, म्हणजे काकूंच्या भासऱ्यांना.

भासऱ्यांसमोर बाईने बसायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, अशी तेव्हाची रीत. काकू रीत पाळत. भासरे आले की डोक्यावरून पदर घेऊन दाराआड उभ्या राहत आणि तिथून जे ऐकवायचं ते ऐकवत. "मोटर इकून टाक," भासरे ओसरीवरून म्हणत. "अकोटले ये. तुहे दोन घास आमाले जड नाई." दारामागून उत्तर येई, "दोन घास खाले बोलावता भाऊजी, का वीस जणाईचं रांधाले?" मग आत येऊन मला सांगत, "मास्तरीण, मोटर गेली की शेत जाते. शेत गेलं की मी अकोटच्या चुलीपुढे. इतकंच हाय हे सारं."

दिवाळीनंतर एकदा भासरे मुक्कामाला आले आणि त्या किंकाळीने त्यांचं डोकं उठलं. चाक वाजलं तर वऱ्हाडात औषध एकच. बैलबंडीचा आस कुरकुरला की वंगण. भासऱ्यांनी गड्याला हाताशी धरून मागच्या दोन्ही चाकांच्या फटीतून आत सढळ हाताने एरंडेल सोडलं. मोटर मुकी झाली. "बंडी काय न् मोटर काय," म्हणत त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

काकूंना या उपचाराची गंधवार्ता नव्हती. दुसऱ्या दिवशी कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायचं नाव घेईना. पुढे कापसाच्या बंड्यांची रांग. बैल सोडलेले होते म्हणून बरं. शेवटच्या बंडीतल्या कापसात तोंड खुपसूनच गाडी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण भासऱ्यांना आयतंच फावलं. "बाईच्या हाती मोटर देल्ली की हेच होते. रविवारी गिऱ्हाईक आणतो," त्यांनी निकाल दिला. वर गॅरेजवाल्यालाही बजावलं, की गाडीला हात लावायचा नाही. तोही सांगकाम्याच निघाला.

काकूंनी पदर खोचला. पुढच्या चाकांना विटा लावून अंगणातच मागचं चाक जॅकवर उचललं. चाक निघालं, पण त्याच्या आतला ड्रम गंजून बसलेला. तेव्हा त्यांनी धुण्याची मोगरी आणली आणि ड्रमच्या कडेकडेने ठोके घालू लागल्या. ते कुणाच्या नावाने चालले होते, हे विचारायची मला गरज वाटली नाही. ड्रम सुटला. आत सगळा काळा चिकट राडा, एरंडेलाचा वास मारणारा! तेल कुणी सोडायला लावलं, ते गड्याने मान खाली घालून सांगून टाकलं. ब्रेकच्या पट्ट्या पार झिजल्या होत्या आणि त्यांचे तांब्याचे खिळे ड्रमला घासत होते. किंकाळी त्याची होती.

"पाह्य मास्तरीण," काकू म्हणाल्या, "हे बिचारं कवाचं वरडून सांगून राह्यलं होतं. न् यायनं त्याचंच तोंड बंद केलं!" त्यांचा एवढा संताप मी पुन्हा कधी पाहिला नाही.

नव्या पट्ट्या मी बसने जाऊन अकोल्याहून आणल्या. त्या ठोकून कोण देणार? काकू सरळ तांबटाकडे गेल्या. तो म्हणाला, "बाई, मी भांडेवाला मानूस." काकू म्हणाल्या, "हंड्याले कडी ठोकता नं? मंग याले पट्टी ठोका. खिळा तांब्याचाच हाय." त्याने ठोकून दिल्या. आम्ही ड्रम पेट्रोलने धुतले, काचकागदाने घासले आणि शनिवारी चाकं चढवली. माझी नखं इतकी काळी झाली, की पुढे आठवडाभर वर्गात मुली माझ्या खडूकडे न बघता बोटांकडे बघत होत्या.

रविवारी भासरे एका अडत्याला घेऊन आले. "चालवून दाखवते," काकू म्हणाल्या. अडत्या लगेच मागे बसला. भासरे मात्र दाराशी घुटमळले. भावजय पुढे बसणार आणि आपण तिच्या गाडीत? काकूंनी पदर सारखा केला. "काहून भाऊजी? पाठच तं हाय माही तुमच्याकडे. मर्यादा कुठी सुटते?"

मी काकूंच्या शेजारी बसले होते. त्याच उतारावर त्यांनी गाडी अशी भरधाव सोडली, की मागून रामनाम सुरू झालं. पायथ्याशी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी, आवाज नाही. भासऱ्यांची टोपी उडून काकूंच्या मांडीवर पडली. त्यांनी मागे न बघता ती खांद्यावरून परत दिली.

"गाडी एक नंबर हाय! घेतो मी," अडत्या म्हणाला. भासरे टोपी घालता घालता खुलले.

"इकाची कोन म्हणते?" काकूंनी विचारलं. "ब्रेक पाहाचे होते, पाह्यले. आता उतरा." दोघांना उन्हात पायी यावं लागलं.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली, तेव्हा काकू स्वतः गाडीने सोडायला आल्या. बिऱ्हाड लावून दिलं आणि निघताना म्हणाल्या, "तुले जमत नाई असं कोनी म्हणलं, तं आधी पायजो, त्यानंच काई करून ठेवलं नाई नं."

काकू गेल्या तेव्हा साठ साल केव्हाच उलटलं होतं. अखेरच्या हंगामापर्यंत शेत त्यांनीच पाहिलं. मी तेरवीला पोचले, तर गाडी अकोटला गेलेली आणि जमिनीचंही ठरून गेलेलं. ओसरीवर कुणीतरी म्हणालं, "अखेर भासऱ्याईचंच खरं झालं." भासरे तिथेच बसले होते, वाकलेले, काठीवर हनुवटी टेकून. मला राहवलं नाही. त्यांच्यासमोरच मी बोलले, "काही खरं झालं नाही. काकू जिवंत होत्या तोवर एकाची हिंमत झाली नाही. मेलेल्या बाईची गाडी न्यायला कसली मर्दुमकी लागते?"