आण्णांचा डावा पाय

चन्नाप्पाण्णा कुणाच्याही गाडीत बसले, की त्यांचा डावा पाय कामाला लागायचा. वळण आलं, दाबला. गतिरोधक आला, दाबला. रिक्षाच्या मागच्या सीटवर बसूनही ते क्लच दाबत आणि सलूनमध्ये कारागिरानं त्यांची मान वळवली तरी पाय खाली जाई. हा पाय मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच गाडीत. मी नुकतीच छोटी एसयूव्ही घेतली होती, ऑटोमॅटिक. शेजारधर्म म्हणून त्यांना कळंब्याहून गावात सोडायला निघालो. रंकाळ्यापर्यंत ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "देसाई, गिअर कोण टाकतंय?"

"गाडीच टाकते, आण्णा."

"मग तुम्ही काय करताय?"

दसरा चौकात उतरताना त्यांनी बॉनेटवर थाप मारली, आजारी म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, आणि सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं.

आण्णा मूळचे निपाणीकडचे लिंगायत. कोल्हापुरात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. मराठी रोजच्या व्यवहाराला, कन्नड रागाला आणि देवाला. आवाज असा, की दुकानात बसून खिळ्याचा भाव सांगितला तर समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक मान हलवी. आयुष्यभर त्यांनी गिअरची गाडी चालवली आणि गिअर हातात असणं म्हणजे संसार हातात असणं, असं त्यांचं पक्कं मत होतं. छोट्या एसयूव्हीला क्रॉसओव्हर म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मोटारीवर जीपचं कलम केलंय. फळ कशाचं लागतंय ते बघायला पायजे."

पण गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, क्लच सोडा, नाहीतर गाडी सोडा. आण्णा घरी येऊन दोन्ही वेळा न जेवता बसले. त्यांच्या पत्नी महादेवीअक्का मला म्हणाल्या, "गाडी गेली तर हे घरात बसणार. आणि हे घरात बसले तर मी कुठं जाऊ?" त्यांची एकुलती एक मुलगी धारवाडला असते. तिच्याकडे जायचं तरी गाडी लागणारच होती. शेवटी आण्णांनी तोडगा काढला. ऑटोमॅटिक घ्यायची, पण आधी पारखून. दर रविवारी एक वेगळी गाडी भाड्यानं आणायची आणि मगच मत द्यायचं.

त्यापुढचे काही महिने आमच्या गल्लीला फार चांगले गेले. रविवारी सकाळी आण्णांच्या दारात नवी गाडी आणि संध्याकाळी कट्ट्यावर तिचा निकाल. एक स्वस्तातली ऑटोमॅटिक गिअर बदलताना क्षणभर अडखळायची. आण्णा म्हणाले, "ही प्रत्येक गिअरला इचार करतीया. सरकारी हापिसात असती तर बढती मिळाली असती." दुसरीत पट्ट्यावर चालणारी यंत्रणा होती, पाय दाबला की आधी मोठा आवाज आणि वेग सावकाश मागून. "ही आमच्या मेव्हण्यासारखी हाय. वरडतीया लई, काम मागनं." तिसरी झटकन पळायची, पण महाद्वार रोडच्या गर्दीत तापली आणि पडद्यावर तशी सूचना आली. "हुशार हाय, पर माणसांत जायला नको म्हणतीया. ही प्राध्यापकाला द्या." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी कॉलेजात शिकवतो.

स्वतःच्या अनुभवावर ते थांबले असते, तर ते आण्णा कसले? पेट्रोल पंपावर, मिसळीच्या रांगेत, कुठंही ऑटोमॅटिक दिसली की ते काचेवर टकटक करत. "पावणं, गाडी घरची का भाड्याची?" पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरे. त्यांचा सिद्धांत होता, की मालक खरं बोलत नाही. "त्यानं घरच्यांशी भांडून घेतलेली असती गाडी. आता वाईट म्हणाला तर रात्री जेवायला कोण वाढंल?" आणि भाड्यानं आणणारा? "त्यो खरं बोलतोय, पर निम्मंच. त्याला गाडीचा सोमवार म्हायीत नसतोय." एकदा एका मालकानं त्यांना गाडीच्या मायलेजचं इतकं कौतुक सांगितलं, की मागच्या सीटवरची त्याची बायको म्हणाली, "आण्णा, ह्यांचं ऐकू नका, आम्ही कालच भांडलोय ह्यावरनं." आण्णांनी तिला वाकून नमस्कार केला.

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट सुटत नव्हती. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काम नसतं आणि आण्णांच्या डाव्या पायाला ते मान्य नव्हतं.

पावसाळा संपता संपता त्यांनी ठरवलं, की शेवटची परीक्षा गगनबावड्याच्या चढावर. गाडी भाड्याची, आण्णा चालवणार, शेजारी मी, मागे अक्का आणि त्यांचा डबा. कळे गाव मागे पडलं, धुकं उतरलं. आण्णा खुशीत होते. "ओढती की वो. बघा, मला न इचारता खालच्या गिअरात गेली." चढावरच्या एका वळणाला अचानक एक शेळी रस्त्यात आली. आण्णांनी सवयीनं डावा पाय क्लचवर मारला. क्लच नव्हताच. तिथं होता रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी थिजली, अक्कांचा डबा पुढे येऊन माझ्या पायाशी पडला आणि मागून येणारा दुधाचा टेम्पो कर्कश आवाज करत आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

टेम्पोवाला खाली उतरून आला. भांडायच्या तयारीनं आला होता, पण आण्णांचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "काय झालं वो आण्णा? बरं वाटंना व्हय?"

आण्णांनी मान हलवली. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. शेळी केव्हाच निघून गेली होती. समोरच्या धुक्याकडे पाहत ते मी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाले, "देसाई, पायानं ऐकलं न्हाय माझं. मागं ही बसलीया."

मी म्हटलं, "आण्णा, द्या, मी घेतो." तेवढ्यात मागचं दार उघडलं. अक्का उतरल्या, पदर खोचला आणि आण्णांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "उतरा. मी घेते."

"तू?"

"व्हय, मी."

"लायसन?"

"हाय की. पर्समध्ये."

मग सगळं बाहेर आलं. आण्णा गुडघ्याच्या व्यायामाला जात, त्या वेळात माझी बायको वैशाली अक्कांना आमच्याच गाडीवर कळंबा तलावाच्या रस्त्यानं शिकवत होती. मला दोघींनी पत्ता लागू दिला नव्हता. इतकंच नव्हे, तर गाडी भाड्यानं घेताना दुसऱ्या चालकाचं नाव विचारतात, ते त्या दिवशी अक्कांनी स्वतःचं दिलं होतं.

अक्कांनी सीट पुढं घेतली, आरसा नीट केला आणि गाडी अशी काही निघाली, की निघाल्याचं कळलंच नाही. मी मागे गेलो होतो. आण्णा शेजारी. पहिल्याच वळणाला त्यांनी कन्नडमध्ये सूचना सुरू केल्या. अक्का रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "सुम्न कूड्री." म्हणजे गप्प बसा. आण्णा बसले. त्यांच्या संसारात हे याआधी घडलं असेल असं वाटत नाही.

परत येताना अक्कांनी एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. आण्णा म्हणाले, "का? काय झालं?" "काय न्हाय. चहा घेऊ वाटला." पुढं एका ओढ्याजवळ थांबवली, पाणी बघायला. मग भुईमुगाच्या ओल्या शेंगा घ्यायला. अक्का शेंगा निवडत होत्या आणि आण्णा गाडीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "इतकी वर्सं हिला घेऊन फिरलो. मी कधी पेट्रोलशिवाय थांबलोच न्हाय. हिला थांबू वाटत असंल, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाय." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले आणि अक्कांना नेऊन दिले.

गाडी शेवटी घेतली, गगनबावड्याला नेली होती त्याच जातीची, अक्कांच्या नावावर. रंगसुद्धा अक्कांनी निवडला. आण्णांच्या मते तो वांग्याचा होता.

यंदा उन्हाळ्यात आण्णांनी दुकान पुतण्याकडे दिलं आणि दोघं कायमचे धारवाडला मुलीकडे निघाले. सकाळी चहा घेऊन निघाले. वैशाली बराच वेळ रस्त्यात उभी होती. दुपारी न राहवून मी आण्णांना फोन केला. एव्हाना ते पोचून जेवून झोपले असतील, असा माझा अंदाज.

"कुठं आहात आण्णा?"

"हिडकलच्या धरणावर."

"ते वाटेत कुठं येतं?"

"न्हाय येत," आण्णा म्हणाले. मागून वाऱ्याचा आवाज येत होता आणि अक्का कुणाशीतरी कन्नडमध्ये हसत बोलत होत्या. "हायवे सोडून आत यावं लागतंय. लई पाणी हाय वो देसाई. हिला अजून कित्तूरचा किल्ला बघायचाय. पोरगी वाट बघत बसलीया, पर बसू दे. आम्ही निवांत जातो."