धूर इकडेच यायचा

शेजारच्या म्हाताऱ्याशी आमचं भांडण लाकडांवरून सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. हे आधीच सांगून टाकते. अशी हकीकत सांगायला घेतली की ऐकणारे शेवटी कोणीतरी कोणाकडे केक घेऊन जाईल म्हणून वाट बघत बसतात. आम्ही एकमेकांना काहीही दिलं नाही.

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो ते घर साठच्या दशकातल्या एका रांगेतलं होतं. भिंतीला भिंत, मागे हातभर बाग, दोन बागांमध्ये लाकडी कुंपण. उजवीकडच्या घरात तो एकटा राहायचा. ऐंशीच्या पुढचा, रुंद खांद्यांचा, उंचीने बेताचा. मी सकाळी सायकल काढताना त्याला नमस्कार करायचे, तो मान हलवायचा. आमचा संबंध एवढाच होता.

मग करोना आला. माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, नवऱ्याचं वरच्या खोलीत. माझे सासरे, म्हणजे बाबा, काही महिन्यांसाठी म्हणून आले होते, ते इथेच अडकले. पुढे थोडी विमानं सुरू झाली, पण त्यांना पाठवायला आम्हीच धजत नव्हतो. बाबांना दमा होता. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात त्यांनी आयुष्यभर कोळशाच्या विभागात नोकरी केलेली. वॅगनी रिकाम्या करणं, कोळसा पट्ट्यावर चढवणं, बॉयलरपर्यंत पोचवणं. निवृत्त झाल्यावर छाती तेवढी वाजत राहिली.

ऑक्टोबरात थंडी पडली आणि म्हाताऱ्याने घरातली लोखंडी शेगडी पेटवली. वारा असला की धूर निघून जायचा. पण इथे शरदात असे दिवस येतात की धुकं जमिनीला टेकून बसतं आणि पान हलत नाही. अशा दिवशी धूर त्याच्या चिमणीतून निघून सरळ आमच्या खिडक्यांच्या वरच्या झडपांतून आत यायचा. बाबा उशीला टेकून बसायचे आणि प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर जायचे.

मी मास्क लावून त्याच्या दारात गेले.

"तुमच्या धुराचा माझ्या सासऱ्यांना त्रास होतोय. त्यांना दमा आहे."

"मग खिडकी बंद कर."

डचमध्येही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे असतात. मी तुम्ही म्हणत होते, तो तू.

"खिडकी बंदच असते. निदान वारा नसेल त्या दिवशी पेटवू नका. तुमच्याकडे गॅसचं हीटिंग आहे ना?"

"आहे. लावत नाही."

"का?"

"माझं घर आहे," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं.

मी गेमेंटेला, म्हणजे नगरपालिकेला, फोन केला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात आधी आपसात बोलून बघा म्हणून सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी फोनवरच बाबांच्या पंपाचा डोस वाढवून दिला आणि धुरापासून दूर राहायला सांगितलं. कुठे दूर राहणार? मी पुन्हा फोन केला. शेवटी पालिकेचा एक माणूस आला, चिमणी बघून गेला. चिमणी नियमात बसत होती.

त्या दिवसापासून म्हातारा सकाळपासून पेटवायला लागला. आधी तो संध्याकाळीच पेटवायचा.

मग आम्हीही माघार घेतली नाही. त्याने लाकडांची थप्पी आमच्या कुंपणाला लावली, नवऱ्याने आमचा कचऱ्याचा डबा नेऊन त्याच्या फाटकाच्या अगदी कडेला ठेवला. मी लाल मिरच्यांची फोडणी मुद्दाम मागचं दार उघडं टाकून करायचे. पलीकडे तो खोकताना ऐकू आला की मला बरं वाटायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅमेऱ्यासमोर हसत असायचे आणि भिंतीपलीकडे तो कुऱ्हाडीने लाकडं फोडत असायचा. त्या प्रत्येक घावाला माझ्या कपाळाची शीर उडायची. एवढा द्वेष मी त्याआधी कोणाचाच केला नव्हता. आणि हे सगळं चाललं होतं ज्याचं नावसुद्धा मी कधी धड उच्चारलं नव्हतं अशा माणसाशी.

हिवाळ्यात आमच्या गल्लीची ऑनलाइन सभा झाली. पुढच्या काही वर्षांत या भागातला गॅस बंद करून घरं दुसऱ्या मार्गाने तापवायची, असा पालिकेचा विचार होता. मी त्याच क्षेत्रात काम करते, कोणत्या वस्तीला किती वीज लागेल याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर बनवते. कोणीतरी विचारलं म्हणून मी पाच वाक्यं बोलले. गॅसचे दिवस संपलेत, उत्तरेकडे गॅस काढून काढून जमीन हलते आणि लोकांची घरं तडकतात, असं काहीसं. सभेत म्हातारा होता हे मला माहीत नव्हतं. त्याने कॅमेरा लावलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं आणि त्याची शेगडी अजून पेटली नव्हती. बाबा शाल गुंडाळून मागच्या बागेत खुर्चीवर बसले होते, मी कपडे वाळत घालत होते. म्हातारा कुंपणापाशी आला.

"तर तूच का ती, गॅस बंद करणारी?"

"मी नाही बंद करत. सरकार करतंय."

"सरकार!" तो थुंकल्यासारखा बोलला. "मी पंधराव्या वर्षी लिम्बुर्गच्या खाणीत उतरलो. युद्ध संपलं होतं, सगळा देश थंडीने कुडकुडत होता. तेव्हा आम्ही वीर होतो. भिंतींवर चित्रं लावायचे आमची. कोळसा काढा, देश उभा करा. मग उत्तरेला गॅस सापडला. एका मंत्र्याने येऊन सांगितलं की खाणी बंद. बापाची खाण, भावाची खाण, सगळ्या. आणि मला काय काम दिलं माहितेय? घरोघरी जाऊन गॅस बसवायचं. कोळशाच्या शेगड्या मीच उचलून बाहेर आणल्या. माझ्या आईच्या घरातलीसुद्धा. या गल्लीतल्या नळ्या मी टाकल्यात. आता तू येतेस, अर्धवट डच बोलतेस, आणि सांगतेस की गॅसही वाईट!"

"काय म्हणते तो?" बाबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. बाबा उठून कुंपणापाशी आले. दोघांच्या मध्ये लाकडांची थप्पी होती.

"त्याले सांग, मी समजू शकतो," बाबा म्हणाले. "आमच्या गावावर राख पडे. वाळत घातलेले कपडे काळे होत. वीज जाय मुंबईले आणि आमच्या आजूबाजूच्या खेड्यांत अंधार. त्याचा राग बरोबर आहे म्हणा. पण तो राग माझ्या नाकात काहून येते?"

मी शब्दाला शब्द लावून डचमध्ये सांगितलं. म्हातारा बाबांकडे बघत राहिला. क्षणभर मला वाटलं, आता हा नरमेल.

"त्याला सांग, आपल्या देशात परत जा," तो म्हणाला.

"हे मी सांगणार नाही," मी डचमध्ये म्हणाले.

"काय म्हणाला?"

"काही नाही, बाबा. चला आत."

"सांग मले. त्याच्या तोंडावरून समजते."

मी सांगितलं. बाबा हसले नाहीत की चिडले नाहीत. "त्याले म्हणावं, मी रोज हेच म्हणतो. माझा मुलगा ऐकत नाही."

हे मी भाषांतर करून सांगेपर्यंत म्हातारा पाठ फिरवून निघून गेला होता. थोड्या वेळाने चिमणीतून धूर यायला लागला, आणि त्या दिवशी वारा नव्हता.

फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. कालवे गोठले, सगळी वस्ती स्केट्स घेऊन बाहेर. त्या आठवड्यात त्याच्या दारात रुग्णवाहिका उभी राहिली. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी त्याला खुर्चीत बसवून आणलं. नाकाला नळी, गुडघ्यांवर चौकड्यांचं पांघरूण. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. त्याने वर पाहिलं आणि मला ओळखलं. मान हलवली नाही. मीही नाही.

त्या दिवशी आमच्या घरातली हवा स्वच्छ होती, आणि मला त्याचा आनंद झाला. बाबांना मात्र तो झाला नाही. ते दोन-तीनदा खिडकीपाशी जाऊन आले. "चिमणी बंद आहे अजून," म्हणाले.

तो परत आला नाही. बर्फ वितळल्यावर त्याची मुलगी घर रिकामं करायला आली. पन्नाशीची, दमलेली, मास्क हनुवटीवर ओढलेला. तिने आमची बेल वाजवली.

"गेमेंटेला फोन करणारी तूच ना?"

"हो."

"खाणीच्या धुळीने त्याची फुप्फुसं केव्हाच गेली होती. वर हा करोना. शेवटचा हिवाळा त्याला शेगडीपाशी शांतपणे बसायचं होतं, आणि तुम्ही पालिकेचा माणूस पाठवलात त्याच्या घरी."

"माझ्या सासऱ्यांनाही श्वास घ्यायचा होता."

"ते आहेत ना अजून?"

तिने मास्क वर ओढला. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "तुमचा डबा बाजूला घ्या. ट्रक आत यायचाय."

मी डबा बाजूला घेतला.

आत आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. "म्हणजे त्यालेही दम लागे," ते म्हणाले. "त्याले दम लागे आणि तरी पेटवे. मूर्ख माणूस." त्या दुपारी त्यांनी जेवायला नको म्हटलं.

उन्हाळ्यात बाबा परत गेले. शेजारच्या घरात एक तरुण जोडपं आलं. त्यांनी शेगडी काढून टाकली, बागेत गवत लावलं, आणि भेटले की हसून हवापाण्याच्या गप्पा मारतात. चांगली माणसं आहेत. त्या म्हाताऱ्यावर काय गुदरलं ते मला आता नीट कळतं, कामाच्या निमित्ताने त्या काळाबद्दल बरंच वाचलंही आहे. पण 'परत जा' म्हणताना बाबांच्या चेहऱ्यावर रोखलेली त्याची नजर आठवली की माझा जबडा अजून आवळला जातो.