ज्योत्स्ना मॅडमचा मागचा चेहरा

वाघ मागून येतो, म्हणून वनखात्याच्या माणसांनी राजुऱ्याकडच्या एका गावात डोक्यामागं बांधायचे मुखवटे वाटले. मागंही तोंड दिसलं की वाघ बुचकळ्यात पडतो म्हणे. वाघाला कोणी विचारलं होतं, देव जाणे! सगळे मुखवटे एकाच साच्यातले, जाड मिशांचे. बायांच्या वाट्यालाही मिशाच आल्या.

सातवीच्या ज्योत्स्ना मॅडम स्कूटीनं जंगलातून यायच्या, तेव्हा त्याही मिशा बांधायच्या. बाई हुशार, पण सातवीपुढं त्यांनी हात टेकले होते. पाचवीत चुरूचुरू बोलणारी लेकरं बारा-तेराची झाली की त्यांच्या तोंडाला काय कुलूप लागतं कोण जाणे. मॅडमनी रागानं पाहिलं, लाडानं पाहिलं, माना खालीच.

सगळ्यात घुमी पुनम. गावची शाळा सातवीपर्यंतच; आठवी राजुऱ्याला, वसतिगृहात राहून. तिची माय वच्छलाबाई साफ म्हणाली होती, "वर्षभर तोंड उघडलं नाई पोरीनं. तिथी जाऊन काय करन? त्यापरीस येईन माह्यासंग तेंदूपत्ता तोडायले." मॅडमच्या जिवाला हाच घोर लागला होता, कारण पुनमच्या वहीत त्यांना कधी चूक सापडली नव्हती.

एका सकाळी घाईत मुखवटा सोडायचा राहिला आणि मॅडम फळ्याकडे वळल्या. लिहिता लिहिता प्रश्न विचारला, तर मागून चक्क उत्तर आलं. वळून पाहिलं, तर सगळे मुके. परत फळ्याकडे तोंड केलं, तसा झिंगू नावाचा पोरगा मिशांना म्हणाला, "भागाकारात अपूर्णांक उलटा काऊन करतेत? मले दोन वर्षांपासून समजून नाई राह्यलं." दोन वर्षं! मॅडमला रडूच यायचं बाकी होतं. पोरांना प्रश्न पडत होते, फक्त मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोर चुकायची लाज वाटत होती.

मग महिनाभर मॅडमनी पाठमोरं शिकवलं. मान अवघडली. मुख्याध्यापक धनराज सरांनी दारातून पाहिलं, दोनदा चष्मा पुसला आणि निघून गेले. पुनम तर मिशांशी वाद घालायला लागली.

पालकसभेच्या दिवशी वच्छलाबाई समोरच बसल्या, लेकीवर डोळे रोखून. मॅडमनी प्रश्न विचारला, पुनम उभी राहिली आणि दगड झाली.

"पाह्यलं ना मॅडम?" म्हणत बाई उठल्या.

मॅडमनी त्यांचा हात धरला. "बाई, जरा भिंतीकडे तोंड करता का?"

"काऊन? मी काय शिक्षा खायले आली?"

पण रानातून आल्यामुळे मुखवटा त्यांच्याही डोक्याला होता. पुटपुटत वळल्या. शेजारी मॅडम वळल्या. धनराज सरही संकोचून वळले. त्यांना मुखवटा नव्हता, नुसतं टक्कल होतं.

मॅडमनी भिंतीलाच विचारलं, "तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा, तर साडेतीन हजार पानांचे किती?"

"पन्नास," मागून पुनमचा आवाज आला. आणि ती थांबली नाही. "माय, मले आठवीत जायचं आहे. तुले राग येईन म्हणून तोंडावर नाई सांगतलं. तू एकटी रानात जाशीन, त्याचं भेव वाटते मले. पण मले शिकायचं आहे."

वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आता ही वळणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, असं मॅडमला वाटलं.

बाई वळल्या नाहीत. भिंतीकडेच पाहत म्हणाल्या, "बोल माय, अजून बोल. मी पलटत नाई."