फळ्यावरचा गुडघा

गावातली जुनी माणसं मला अजून 'भगत' म्हणतात. अंगात येऊन पुढचं सांगतो तो भगत. माझ्या अंगात आयुष्यभर थंडीतापाशिवाय दुसरं काही आलेलं नाही, पण हे नाव चिकटलं ते चिकटलंच. कुणी त्या नावानं हाक मारली की मी हसून ओ देतो. मनात मात्र दर वेळी लाज वाटते. ती का वाटते हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याच्या बाजूचं. जिल्हा तेव्हा धुळ्याचा होता. मी बावीस वर्षांचा, ग्रामपंचायतीत कारकून. पंचायतीला बॅटरीवरचा एक रेडिओ मिळाला होता. रोज सकाळी त्यावरच्या बातम्या ऐकायच्या आणि बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायच्या, हे माझं काम. बॅटरी उतरली की ती शहाद्याला भरायला जाई, आणि ती परत येईपर्यंत फळा कोरा राही. कोऱ्या फळ्यासमोरही लोक सवयीनं येऊन उभे राहत आणि माझ्याकडे असे बघत, जणू बातम्या मीच घरी पाडतो आणि त्या दिवशी आळस केला आहे.

अशाच एका कोऱ्या आठवड्यात, दसऱ्याच्या सुमाराला, मी गंमत म्हणून फळ्यावर हुतुतूचं भाकीत लिहिलं. तापीच्या दोन्ही काठांवरची सहा गावं दिवाळीनंतर दर रविवारी एकमेकांशी हुतुतू खेळत. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं आणि सारंगखेड्याच्या यात्रेआधी पहिला नंबर ठरायचा, अशी रीत. मी सहाही गावांची नावं एकाखाली एक लिहिली, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, आणि वर मथळा दिला, 'यंदाचा अंदाज'. त्या वर्षी माझे चार नंबर बरोबर आले. पुढच्या वर्षी सहाच्या सहा आले आणि मी भगत झालो.

खरं तर त्यात जादू काहीच नव्हती. मला स्वतःला हुतुतू येत नसे. अंगात दम नव्हता, मधली रेघ ओलांडली की धाप लागायची. पण सायकल होती आणि कान तिखट होते. दसऱ्याआधी मी सहाही गावांना एकेक चक्कर मारायचो. कुणाचं लग्न झालंय, कोण मास्तरकीच्या शिक्षणाला बाहेर गेलाय, कुणाकडे यंदा कापूस जास्त आहे आणि बाप पोराला सरावाला सोडणार नाही, हे सगळं चहाच्या कपावर कळायचं. म्हणजे मी करायचो त्या नुसत्या चांभारचौकशा. पण त्या फळ्यावर लिहिल्या की लोक त्याला विद्या म्हणायचे, आणि मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं.

आमचं गाव दोन्ही वर्षं पहिलं आलं होतं ते एका गड्याच्या जिवावर. तो माझा मित्र. गुजरांच्या घरचा, वरच्या आळीतल्या केळीबागवाल्यांचा मुलगा. घरात ते आपली गुजरी बोली बोलत, पण आम्ही दोघं लहानपणापासून अहिराणीतच भांडलो आणि अहिराणीतच समेट केला. चढाईला गेला की तो समोरच्यांना शेवटपर्यंत कळू देत नसे की कुठल्या बाजूला वळणार. ते वळणं हाच त्याचा खेळ होता.

तिसऱ्या वर्षी, पोळ्यानंतर, तो एका दुपारी पंचायतीत आला. मी एकटाच होतो. त्यानं दार लोटून घेतलं, बाकावर बसला आणि पायजमा वर करून उजवा गुडघा माझ्यापुढे धरला. विहिरीच्या पायऱ्यांवर घसरला होता. दिसायला काही नव्हतं, थोडी सूज. चालायला, ओझं उचलायला, औत धरायला काही अडचण नव्हती. फक्त धावताना एकदम वळलं की गुडघा आतल्या आत सटकायचा.

"दाबी दख," तो म्हणाला. मी दाबलं. तो ओठ आवळून बसला.

मग म्हणाला, "कोनले सांगू नको. मन्हं लगीन ठरी ऱ्हायनं. दिवाळीपुढे लोके येतीन. त्यास्ले समजी गयं ते जमाव नही."

नदीपलीकडच्या गावातली मुलगी होती, तिच्याकडची माणसं दिवाळीनंतर त्याला बघायला येणार होती. त्यानं तिला एकदा यात्रेत पाहिलं होतं आणि तेव्हापासून तो तिच्याविषयी बोलायचाही नाही, यावरून मी काय ते ओळखलं होतं. त्याचा बाप म्हणाला होता, लग्न झालं की हुतुतू बंद. "यंदा शेवटनं खेयसू," तो म्हणाला, "मंग बंद." मी आईच्या डब्यातला लेप आणून त्याला लावून दिला आणि कुणाला सांगणार नाही म्हणून कबूल केलं. कबूल करताना मी खोटं बोलत नव्हतो, एवढं मला माझ्या बाजूनं म्हणता येईल. त्यापलीकडे माझ्या बाजूनं म्हणण्यासारखं फारसं काही नाही.

दसरा आला. लोक फळ्याजवळ घुटमळायला लागले. आमचं गाव पहिलं लिहायला काहीच हरकत नव्हती, सगळ्यांना तेच हवं होतं. पण मला माहीत होतं की ते पहिलं येणार नाही. आणि भगताचं भाकीत चुकलं असतं तर? आज हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतो. एका हुतुतूच्या अंदाजासाठी माझी झोप उडाली होती. शेवटी मी आमचं गाव चौथं लिहिलं. कारण काही दिलं नाही.

गावात नुसता गोंधळ झाला. कुणी म्हणालं, पलीकडच्यांनी याला जेवू घातलंय. कुणी म्हणालं, स्वतःला खेळता येत नाही त्याचा हा जळफळाट. किराणा दुकानदार तर रस्त्यावरून ओरडला, "भगतना आंगमा यंदा देव ऊना नही वाटस!" आणि ओट्यावरची सगळी मंडळी खो खो हसली. मला ते हसणं झोंबलं. दिवसभर झोंबत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्या लिहून झाल्यावर मी अंदाजाच्या खाली एक ओळ वाढवली. 'कारण, आपल्या मुख्य गड्याचा उजवा गुडघा निकामी झाला आहे.' निकामी नव्हता झाला. सटकत होता. पण फळ्यावर लिहायला निकामी हा शब्द भारदस्त वाटला. दुकानदार आला, त्यानं ओळ वाचली आणि तोंड बंद केलं. मला बरं वाटलं.

मित्राला लोकांनी विचारलं असणार. त्यानं काहीतरी किरकोळ आहे म्हणून उडवून लावलं असणार. मी त्या दोन दिवसांत वरच्या आळीला फिरकलोच नाही.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. डोक्याला फेटा, हातात छत्री असा एक पन्नाशीचा पाहुणा फळ्यापुढे थांबला आणि बोट फिरवत सगळं सावकाश वाचू लागला. परगावचा माणूस माझा फळा इतक्या मन लावून वाचतोय म्हटल्यावर मी आपण होऊन बाहेर आलो.

"हाऊ मुख्य गडी कोन शे हो?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. वरच्या आळीतल्या केळीबागवाल्यांचा थोरला. दोन वर्षं एकट्यानं गाव जिंकून दिलं, पण आता गुडघा गेला. घरचे बोलत नाहीत, पण मला आतून माहीत आहे. हे सगळं मी न विचारता सांगितलं, आणि चवीनं सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. मग त्यानं छत्री बगलेत मारली आणि म्हणाला, "केयीवालास्नं घर कथं शे? माले तथंच जानं शे. आंडेरना मामा शे मी."

मुलीचा मामा. दिवाळीनंतर येणार असलेली माणसं दिवाळीआधीच आली होती, घर नुसतं बाहेरून बघून जावं म्हणून. तेव्हाही मला म्हणता आलं असतं की काका, ही आमची खेळातली थट्टा आहे, मुलगा ठणठणीत आहे. ते जवळजवळ खरंही झालं असतं. मी हात वर करून वरच्या आळीचा रस्ता दाखवला. तो दिसेनासा झाल्यावर मी ओली चिंधी घेतली आणि ती ओळ पुसून टाकली.

तिकडे काय झालं ते मला मित्रानंच नंतर सांगितलं. मामानं चहा घेतला, केळीची बाग पाहिली आणि मग विहिरीचं ताजं पाणी प्यायची इच्छा झाली म्हणाला. मित्र कळशी घेऊन विहिरीवर गेला, भरून आणली, आणि जाता-येता पूर्ण वेळ मामाची नजर त्याच्या पायांवर होती. ताठ चालायच्या नादात तो जास्तच अवघडून चालला. "पोऱ्या दखाले नही ऊना व्हता तो," मित्र म्हणाला, "बैल दखाले ऊना व्हता." दिवाळी झाली आणि निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तोवर कुणी मागितलीही नव्हती.

मित्र खेळायला उतरलाच. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि बापाचंही मन मोडलं होतं, त्यानं अडवलं नाही. दोन सामने त्यानं जपून काढले. तिसऱ्या रविवारी, नदीपलीकडच्या त्याच गावाशी सामना होता. शेवटच्या चढाईत त्यानं नेहमीसारखं वळण घेतलं आणि मधल्या रेघेपासून हातभर अंतरावर तो खाली बसला. गुडघा दोन्ही हातांनी धरून बसला, आवाज न करता. समोरच्यांना त्याची पकडसुद्धा करावी लागली नाही. माणसं मैदानात धावली.

मी धावलो नाही. मी जागेवर उभा राहून हिशोब करत होतो की हा सामना गेला म्हणजे आता आपण पहिल्या तिनांत काही येत नाही, आणि पलीकडचे दुसरे आले तर माझा नंबर बरोबर बसतो. माझ्या छातीत जे उसळलं तो आनंद होता. मी त्याला दुसरं नाव द्यायचा पुष्कळ प्रयत्न केलाय. दुसरं नाव सापडत नाही.

आमचं गाव चौथं आलं. बाकीचे पाचही जिथल्या तिथे. दुकानदारानं सगळ्यांदेखत मला शेव-चिवडा खिलवला आणि भर ओट्यावर माझे पाय धरायचं नाटक केलं. मी शेव खाल्ली.

सारंगखेड्याची यात्रा उठली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लेपाचा डबा घेऊन मित्राच्या घरी गेलो. तो गोठ्यात बसून दोर वळत होता. मी डबा पुढे ठेवला. मी एवढंच म्हणालो की मी लिहायला नको होतं.

त्यानं दोराचा पीळ घट्ट केला. "तू खोटं नही लिखं," तो म्हणाला. "पन मी तुले दखाडं व्हतं. फळाले नही."

मग आईला हाक मारून त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. मला त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या जन्मभर मिरवल्या असत्या.

पुढच्या दसऱ्याला मी अंदाज लिहिला नाही. खडू संपलाय म्हणालो. नंतरही कधी लिहिला नाही. लोकांनी तोही मोठेपणाच मानला, म्हणाले भगतानं जिंकून खेळ सोडला. त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. मित्राचं चार वर्षांनी झालं, संसार चांगला झाला. त्याच गुडघ्यावर त्यानं पुढे चाळीस वर्षं केळीचे घड वाहिले आणि तो गुडघा शेतात एकदाही सटकला नाही. निकामी मी लिहिलं होतं. त्या शब्दाचं भाकीत साफ चुकलं, पण ते तपासायला कुणी आलं नाही.

परवा त्याच्या नातवाच्या साखरपुड्याला आम्ही म्हातारे ओळीनं बसलो होतो. दुकानदाराच्या मुलानं, तोही आता साठीचा, पाहुण्यांना जुनी गोष्ट सांगायला घेतली. गावाला पत्ताही नव्हता, पण या भगतानं याला नुसतं रस्त्यानं चालताना पाहिलं आणि गुडघा ओळखला. पाहुणे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांतल्या एकानं मित्राला विचारलं, खरंच का हो, तुम्ही कुणाला बोलला नव्हतात?

मी खाली बघितलं. आता तरी तो सांगेल, असं मला वाटलं. सांगावं, असंही वाटलं.

"नही ना," तो म्हणाला. "मी कोनलेच सांगं नव्हतं."

आणि त्यानं पेढ्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी एक पेढा उचलला.