शंकाताई आणि गुलाबी पावडर

शंकाताई कुठलीही गोष्ट तोंडात घालण्याआधी उलटी करून बघायची. बिस्किटाचा पुडा, खोकल्याचं औषध, ऑफिसात कुणी वाटलेली वडी. वडीच्या मागे काही छापलेलं नसतं, तरी ती बघायचीच. हिंजवडीच्या आमच्या कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायची आणि वर त्याचाच पगार घ्यायची. अकोल्याची, आमच्यापेक्षा थोडी मोठी. खऱ्या नावानं तिला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षांत पुण्यात आयटीवाल्यांचे पगार आणि पोटं बरोबरीनं वाढत होती. आम्ही धायरीच्या एका नव्या जिममध्ये जायचो, कारण आमच्याच टीममधला नितीन धायरीचा. त्याच्या घरच्या शेतात आता इमारती उभ्या होत्या. ऑफिसातले काही लोक त्याच्या इंग्रजीला हसायचे. कंपनीची सिंहगड चढायची शर्यत जवळ आली, तेव्हा त्या हसणाऱ्यांना निदान गडावर तरी मागे टाकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

जिमच्या कोचनं एक डबा काढला. वर परदेशी पैलवान, आत गुलाबी पावडर. "व्यायामाआधी पाण्यातून घ्यायची. स्नायूंचा थकवा लांबणीवर पडतो."

शंकाताईनं डबा उलटा केला. मागचं लेबल कुणीतरी खरवडून काढलं होतं. "लांबणीवर पडतो, मग पडून जातो कुठे?"

"मॅडम, सगळे घेतात."

"सगळ्यांचं विचारलं नाही मी. थकव्याचं विचारलं."

कोच हसला. आम्हीही हसलो, आणि डबा विकत घेतला.

शर्यतीच्या आदल्या रविवारी आम्ही सरावाला सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत जमलो. पावडर कालवायचं काम शंकाताईनं आपण होऊन मागून घेतलं, तिथेच आम्हाला संशय यायला हवा होता. अर्ध्या वाटेवर आम्ही एकमेकांना सांगत होतो, काय दम टिकलाय आज! ती शांतपणे म्हणाली, "सरबत होतं. रंग घातलेलं. दम तुमचाच आहे, उगाच त्या पैलवानाला श्रेय देऊ नका."

आम्ही चिडलो. पण नितीन कुठे होता? तो पार वरच्या वळणावर उभा राहून हसत होता. त्यानं आमचं सरबत घेतलंच नव्हतं. तो घरूनच पावडर पिऊन आला होता, सांगितल्याच्या दुप्पट.

शंकाताई धापा टाकत त्याच्यापाशी पोचली. "काहून रे, तुला दम काहून लागत नाही?"

"ताई, आज इंजिन तापलंय!"

त्याचे ओठ पांढरे पडले होते. तिनं नाडी बघायला त्याचं मनगट धरलं आणि तिचा चेहरा बदलला. "खाली चल."

"सोडा हात. वर पोचतोच आता."

तिनं हात सोडला नाही. सरळ पायवाटेवर त्याच्यासमोर बसली. "मला ओलांडून जा."

थोरल्या बाईला ओलांडणं नितीनला जमलं नाही. तो खाली बसला आणि बसताक्षणी ओकला. आम्ही त्याला आधार देत उतरवलं आणि गाडीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पावडरीत काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण हृदयाला चाबूक मारणारं काहीतरी असावं. अजून चढला असता तर कठीण होतं."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती कोचकडे गेली. मीही बरोबर होतो. कोच म्हणाला, "आईशप्पथ मॅडम, मी स्वतः रोज घेतो!" खोटं बोलतोय, असं मला वाटलं. शंकाताई मात्र त्याच्या हातांकडे बघत होती. ते थरथरत होते.

"झोप लागते का हो तुम्हाला?" तिनं विचारलं.

कोचनं हात खिशात घातले. मग म्हणाला, "मी दमलेलो दिसलो तर इथं कोण येईल मॅडम?" त्यालाही ती त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डबे कुठून यायचे ते त्यानं सांगितलं, पण तो पुरवठा करणारा पुन्हा कुणाला सापडला नाही.

त्या वर्षी नितीन शर्यतीत उतरला नाही. पुढे वडिलांच्या आजारपणामुळे शंकाताईनं नोकरी सोडली. ती अकोल्याला निघाली त्या दिवशी नितीनची आई कंपनीच्या फाटकाशी येऊन उभी होती. तिनं शंकाताईचे दोन्ही हात धरले. "माझा ल्योक तुमच्यामुळं हाय."

प्रत्येकाला उत्तर देणारी शंकाताई गडबडली. "नाही हो मावशी. मला काही ठाऊक नव्हतं. नुसती शंका आली होती."

"येवढी तरी कुणाला आली, बाई?" म्हातारी म्हणाली, आणि हात तसेच धरून राहिली.