उसाच्या ट्रामची वाट

चार माणसं एखाद्या कामाच्या मागं लागली की काम होवो न होवो, किस्से साठतातच. झालेल्या कामाला निदान कोनशिला असते. न झालेल्या कामाला नुसते किस्से! आमच्याकडं ते भरपूर आहेत.

आम्ही तिघं. बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे कांबळे सर, ट्रामचे रिटायर्ड ड्रायव्हर ज्ञानोबातात्या आणि लासुर्ण्यात फोटो स्टुडिओ चालवणारा मी. इंदापूर तालुक्यातल्या एका जुन्या कारखान्याला पूर्वी ऊस यायचा तो छोट्या रुळांवरच्या गाडीनं. लोक तिला ट्राम म्हणायचे. पुढं ट्रॅक्टर वाढले आणि ट्राम बंद पडली. नव्वदनंतर कधीतरी सरांच्या मनात आलं, रूळ तसेच राखायचे आणि त्यांच्या कडेनं लोकांना चालायला वाट करायची. दोन्ही अंगांना बाभळी, मधे ओढ्यावरचा दगडी पूल. हेरिटेज वॉक!

*

पहिली बैठक देवळापुढं झाली. सर तळमळीनं बोलले. शेवटी एक आबा उठले.

"सर, आमी जन्मभर चालतोयच की. आता चालायचं बी तुमी शिकवणार व्हय?"

सगळे हसले. सरही हसले.

*

मग सरकारी ऑफिस. तिथल्या भाऊसाहेबांनी विचारलं, "हेरिटेज म्हंजे?"

"वारसा," सर म्हणाले.

"मग हितं कशाला आलाय? वारसाची नोंद तलाठ्याकडं होती! मयत कोण हाय?"

सर म्हणाले, "अजून धुगधुगी आहे."

*

पहिल्या वॉकला सरांचे विद्यार्थी आले आणि पिंपळीहून पार्वतीबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई. पुलापाशी आल्यावर बाईंनी पिशवीतून नारळ काढला. मला वाटलं, उद्घाटन! मी कॅमेरा सरसावला.

"मालक हितंच गाडीखाली आलं," त्या म्हणाल्या. "कारखान्याची जागा म्हून मला कवा कुणी पुढं येऊ दिलं न्हाय. आज तुमी समद्यास्नी बोलावलं, म्हून आले."

तात्यांनी टोपी काढली. मी कॅमेरा खाली घेतला. सर त्या पुलाची माहिती सांगणार होते, ती राहूनच गेली.

*

पावसाळ्यानंतर गेलो तर शंकररावांच्या रानाजवळ वाट गायब! शंकरराव बांधावरच होते. आमच्या कामाला त्यांचा पहिल्यापासून पाठिंबा.

"शंकरराव, वाट कुठं गेली?"

"कुठं जातीय? हाय की जाग्यावर!"

"दिसत नाही ती."

"उसाखाली हाय," शंकरराव म्हणाले. "तोड झाली की दावतो."

*

एका रविवारी सर आणि मी दिशादर्शक पाट्या लावायला गेलो. लांबूनच ठिणग्या दिसल्या. गॅस कटरनं रूळ कापायचं काम चाललं होतं. निम्मे रूळ ट्रकमध्ये चढलेही होते. सर धावत गेले आणि धापा टाकत ट्रकपुढं उभे राहिले.

भंगारवाला ठेकेदार भला माणूस. त्यानं आधी सरांना पाणी दिलं. मग आमच्या हातातल्या पाट्या वाचल्या आणि म्हणाला, "मग चांगलंच झालं की! रूळ गेल्यावर मोकळं चालता येईल. ठेच लागायला नको!"

सर ट्रकपुढनं बाजूला झाले. पाट्या आम्ही परत आणल्या.

*

हे तात्यांना सांगायचं कुणी? साखरेच्या आजारानं त्यांची नजर तोवर पार गेली होती. आज सांगू, उद्या सांगू करत दिवाळी उलटली आणि तात्यांनीच निरोप धाडला, "एकदा लाइनीवनं फिरवून आणा."

नेलं. सरांच्या खांद्यावर हात ठेवून तात्या चालत होते. रूळ उचललेल्या जागी गवत माजलं होतं. तात्या पायानं चाचपतील, विचारतील, असं दर पावलाला वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही.

ओढ्याच्या वळणावर ते एकदम थांबले. "बाजूला व्हा," म्हणाले. "गाडी येतीय."

मी सरांकडं पाहिलं. सरांनी तात्यांना धरून हळूच कडेला घेतलं. मीही बाजूला झालो. तिघं उसाला पाठ लावून उभे राहिलो. तात्यांनी हात वर केला, ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो तसा, आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडं फिरवली.

"गेली," ते म्हणाले. "रिकामीच होती."